मुलग्यांची टीम, मुलींची टीम

या वीकांताला पुन्हा इतिहासच, पण लढाया आणि तहांचा नाही. प्रश्न साधा आहे: बारा वर्षांच्या मुलीने फुटबॉल कुणाबरोबर खेळायचा?

परदेशात स्थायिक झालेल्या कुठल्याही मित्राला शनिवारी सकाळी फोन करून बघा. बहुतेक वेळा मागून शिट्ट्या आणि आरडाओरडा ऐकू येतो, कारण साहेब लेकराला घेऊन 'सॉकर'च्या मैदानावर असतात. तिथे क्लबचा फॉर्म भरताना सुरुवातीलाच दोन चौकोन असतात. एक बॉइज प्रोग्रॅम, एक गर्ल्स प्रोग्रॅम. आपण टिक करतो आणि पुढे जातो. हे दोन चौकोन जणू सृष्टीच्या आरंभापासून तिथे आहेत असंच वाटतं. तसं काही नाहीये. त्यामागे ठराव आहेत, कोर्टकज्जे आहेत, आणि एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीने हरलेला एक खटला आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. पहिलं महायुद्ध चालू होतं. पुरुष आघाडीवर गेलेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत. प्रेस्टन गावातल्या 'डिक, कर' नावाच्या कारखान्यातल्या मुलींनी १९१७ मध्ये फुटबॉलची टीम काढली. जेवणाच्या सुट्टीतला टाइमपास म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण इतकं वाढलं की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० लोक आले. आत जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरून परत गेले. टीममधली लिली पार तेव्हा अवघी १५ वर्षांची होती. तिकिटांचे पैसे धर्मादाय कामांना जात. म्हणजे प्रेक्षक होते, पैसा होता आणि खेळही दर्जेदार होता.

पण वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने (यापुढे नुसतं एफए म्हणतो) ठराव केला. फुटबॉल हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. धर्मादायाच्या पैशातला फार मोठा भाग खर्चातच जातो अशी एक पुरवणी तक्रारही त्यात होती.

ठराव मोठ्या बायकांच्या सामन्यांबद्दल होता, पण खरा फटका बसला तो लहान मुलींना. लिली पार आणि मंडळी बागांतून, रग्बीच्या मैदानांवर वगैरे खेळत राहिल्या. त्यांची टीम १९६५ पर्यंत टिकली. पण लहान मुलांच्या खेळाचं गणित वेगळं असतं. लहान मुलांना मैदान लागतं, प्रशिक्षक लागतो, लीग लागते, आणि हे सगळं एफएच्या छत्रीखालच्या क्लबांकडेच होतं. त्यामुळे जवळजवळ पन्नास वर्षं इंग्लंडमध्ये 'मुलींचा फुटबॉल प्रोग्रॅम' नावाची गोष्टच उभी राहिली नाही. मुलग्यांचे क्लब होते आणि त्यांना 'मुलग्यांचे' म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं 'फुटबॉल क्लब' म्हटलं की झालं.

ही बंदी १९७०-७१ मध्ये उठली. बंदी उठली, पण त्यामुळे क्लब थोडेच उगवतात?

आता आपल्या मुख्य पात्राकडे येऊ. थेरेसा बेनेट. नॉटिंगहॅमशायरमधल्या मस्कम या खेड्यातली मुलगी, वय ११-१२. गावातल्या मस्कम युनायटेड या क्लबच्या बारा वर्षांखालच्या टीममध्ये तिला खेळायचं होतं. बाकीचे सगळे मुलगे. खेळायची झकास, मुलग्यांना चकवून बॉल घेऊन जायची. टीमला ती हवी होती. पण जिल्ह्याच्या असोसिएशनने सांगितलं की नियमानुसार मुलगे आणि मुली एकत्र खेळू शकत नाहीत, सबब नोंदणी नाही.

तेव्हा इंग्लंडमध्ये नवा कोरा लिंगभेदविरोधी कायदा आला होता, १९७५ चा. थेरेसाच्या बाजूने त्या कायद्याखाली दावा लावला गेला. काउंटी कोर्टात ती जिंकली आणि २५० पौंड नुकसानभरपाईही मंजूर झाली. एफए अपिलात गेली. जुलै १९७८ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर निकाल फिरला.

का फिरला ते बघण्यासारखं आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. कायद्याच्या ४४ व्या कलमात खेळांसाठी एक सूट होती. ज्या खेळात ताकद, दमसास आणि शरीरयष्टी यांमुळे 'सरासरी स्त्री' ही 'सरासरी पुरुषा'पुढे कमी पडते, त्या खेळात वेगळेपणा चालेल. आता गंमत अशी की याच कायद्यात 'स्त्री' या शब्दाची व्याख्या 'कुठल्याही वयाची' अशी होती. कोर्ट म्हणालं, कायदा सरासरी स्त्रीबद्दल बोलतो, सरासरी अकरा वर्षांच्या मुलीबद्दल नाही. फुटबॉल हा त्या सुटीत बसणारा खेळ आहे. विषय संपला.

म्हणजे थेरेसाची तुलना तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलग्यांशी झालीच नाही. देशातल्या सगळ्या बायकांची सरासरी काढली, देशातल्या सगळ्या पुरुषांची सरासरी काढली, आणि त्या दोन आकड्यांतला फरक एका पोरीच्या खात्यावर टाकला. आपल्यापैकी कुणी डेटाबेसमध्ये अशी क्वेरी लिहिली, वयाचा 'ग्रुप बाय' विसरून, तर कोड रिव्ह्यूमध्ये काय ऐकावं लागेल विचार करा! वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्या ताकदीत, वेगात फार मोठा फरक नसतो. तो साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून वाढत जातो आणि पुढे चांगलाच मोठा होतो. मोठ्यांचे खेळ वेगळे असण्यामागे हेच कारण आहे आणि ते खरं आहे. प्रश्न एवढाच होता की ते कारण अकराव्या वर्षी लागू कसं होतं?

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. मुलग्यांबरोबर नको म्हणालात, ठीक आहे. मग कुठे खेळायचं? इंग्लंडमध्ये १९९३ साली, म्हणजे या निकालानंतर १५ वर्षांनी, मुलींच्या टीम साधारण ८० होत्या. एका खेड्यातल्या नव्हे, अख्ख्या देशातल्या! म्हणजे 'वेगळं खेळा' या सल्ल्याचा व्यवहारातला अर्थ 'खेळू नका' असाच होता. आपल्या भाषेत सांगायचं तर कोडमध्ये 'इफ' होता, 'एल्स' होता, फक्त 'एल्स'च्या आत काही लिहिलेलंच नव्हतं.

आता जरा अटलांटिक ओलांडू, कारण नेमक्या याच काळात अमेरिकेतल्या एका न्यायाधीशासमोर जवळजवळ हाच प्रश्न आला होता.

कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन हायस्कूलची डॉना हूव्हर, वय १६. ती शाळेच्या ज्युनिअर टीममधून मुलग्यांबरोबर सॉकर खेळत होती. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा नियम होता की सॉकर फक्त मुलग्यांसाठी. मुख्याध्यापकांनी तिला टीममधून काढायला लावलं. खटला झाला आणि १९७७ मध्ये न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. सरासरीचा मुद्दा इथेही मांडला गेला होता. मॅच यांचं म्हणणं असं, की सरासरीत मुलगे पुढे असतील, पण मुलग्या-मुलग्यांत आणि मुली-मुलींत आपापसात जो फरक असतो तो या दोन सरासऱ्यांमधल्या फरकापेक्षा जास्त आहे. मग फक्त मुलींनाच इजेपासून वाचवायचं आणि किरकोळ अंगाच्या मुलग्याला मात्र खुशाल खेळू द्यायचं, हे कसं?

पण मला या निकालातला जास्त आवडलेला भाग म्हणजे त्यांनी शाळेपुढे ठेवलेले तीन पर्याय. एक, मुलामुलींची एकत्र टीम ठेवा. दोन, मुलींची वेगळी टीम काढा आणि तिला सारखाच पाठिंबा द्या. तीन, सॉकरच बंद करा, सगळ्यांसाठी. काहीही करा, पण एकाला मैदान आणि दुसरीला फक्त नियम, हा चौथा पर्याय मिळणार नाही. वेगळं करायला त्यांची हरकत नव्हती. फक्त रिकामा 'एल्स' चालणार नव्हता.

अमेरिकेने पुढे मोठ्या प्रमाणावर दुसरा पर्याय निवडला. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळाची सोय करणं भाग पडलं. कॉलेजात मुलींना सॉकरची स्कॉलरशिप मिळते म्हटल्यावर आईबाप मुलींसाठी क्लब शोधू लागले आणि क्लबही मुलींचे प्रोग्रॅम काढू लागले. परिणाम बघा. १९७१-७२ मध्ये हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या मुली साऱ्या देशात ७०० होत्या. २०१८-१९ मध्ये हा आकडा ३ लाख ९० हजारांच्या पुढे होता. १९९१ मध्ये महिलांचा पहिला वर्ल्ड कप अमेरिकेने जिंकला. १९९९ ची फायनल त्यांनी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलवर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर जिंकली. 'वेगळं म्हणजे वाईट' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर बघावेत. ज्या मुलीला मुलग्यांच्या घोळक्यात कुणी बॉलच पास करत नाही, तिच्यासाठी स्वतःची टीम हे वरदान असतं.

अर्थात तिथेही सगळं गोड नाही. अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने होतकरू मुलग्यांसाठी २००७ मध्ये 'डेव्हलपमेंट अकॅडमी' काढली. मुलींसाठी तशीच अकॅडमी यायला २०१७ उजाडलं. मधली दहा वर्षं मुलींच्या क्लबांनी २००९ मध्ये स्वतःच एकत्र येऊन काढलेल्या लीगवर काम भागवलं. फेडरेशनने २०२० मध्ये दोन्ही अकॅडम्या गुंडाळल्या. म्हणजे मुलग्यांना १३ वर्षं मिळाली आणि मुलींना जेमतेम तीन. दोन वेगळे प्रोग्रॅम केले की एक आधी आणि एक नंतर, असं होण्याची भीती कायम राहते. आणि 'नंतर' कोण असतं ते सांगायला नको.

परत इंग्लंडला येऊ, थेरेसाची गोष्ट अर्धी राहिलीय. पुढे एफएने ११ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना एकत्र खेळायला परवानगी दिली. पण ११ ची रेघ म्हणजे नवीच पंचाईत. उत्तरेतल्या आनिक गावात लूसी ब्रॉन्झ नावाची मुलगी मुलग्यांच्या टीममधून खेळत होती, आणि बारा वर्षांची झाल्यावर तिला ती टीम सोडावी लागली. तिच्या नशिबाने ब्लाइथमध्ये मुलींची टीम होती, त्यामुळे ती टिकली. पुढे इंग्लंडने २०२२ चा आणि २०२५ चा युरो जिंकला, त्या दोन्ही टीममध्ये ती होती. ज्यांच्या आसपास 'ब्लाइथ' नव्हतं, त्या मुलींची नावं आपल्याला माहीत असण्याचं कारणच नाही.

२००६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या क्रीडाविषयक समितीने महिला फुटबॉलवर अहवाल दिला आणि ही वयोमर्यादा वाढवण्याची शिफारस केली. एफएने ब्रुनेल विद्यापीठाच्या संशोधकांना बरोबर घेऊन मोठ्या वयाच्या मिश्र टीम चाचणी म्हणून खेळवून बघितल्या. आभाळ काही कोसळलं नाही. मग २०१० नंतर मर्यादा टप्प्याटप्प्याने सरकत गेली आणि त्याच दशकाच्या मध्यापर्यंत १८ वर आली.

विरोध करणारे सगळेच काही जुनाट खोडं नव्हते. चांगल्या मुली मुलग्यांच्या टीममध्ये गेल्या तर मुलींच्या टीम दुबळ्या होतील, ही भीती मुलींच्या क्लबांनाच वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. पण त्याचा इलाज मुलीला अडवणं हा नाही. मुलींची टीमच अशी करायची की तिला तिथे राहावंसं वाटेल.

आणि कायद्याचं काय? २०१० मध्ये ब्रिटनने नवा समता कायदा आणला. त्याच्या १९५ व्या कलमात खेळासाठीची सूट आहेच. पण त्यात एक वाक्य नव्याने आलं: मुलांच्या बाबतीत ठरवताना त्यांचं वय आणि वाढीचा टप्पा लक्षात घ्यावा. बस्स, एवढंच. थेरेसाच्या खटल्यात जे नव्हतं, नेमकं तेच. बग १९७८ ला रिपोर्ट झाला, पॅच २०१० ला आला. बत्तीस वर्षं! तोपर्यंत थेरेसा चाळिशी ओलांडून गेली होती.

हे सगळं वाचल्यावर माझं मत विचाराल तर 'एकत्र की वेगळं' हा वाद मला दुय्यम वाटतो. आठ वर्षांच्या पोरांना एकत्र खेळू द्यावं, अठराव्या वर्षी वेगळ्या टीम असाव्यात, यावर फारसं भांडण होणार नाही. खरा प्रश्न मधल्या वयाचा आहे, आणि तिथे विचारायला दोनच गोष्टी आहेत. दुसऱ्या चौकोनामागे खरोखर मैदान, प्रशिक्षक आणि वेळ आहे का? आणि कुठल्या चौकोनात टिक करायची, हे त्या मुलीला विचारलंय का?

थेरेसाला दोन्हींचं उत्तर 'नाही' मिळालं होतं. तिच्या टीममधल्या मुलग्यांना कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर खटल्याची वेळच आली नसती, कारण त्यांना ती टीममध्ये हवीच होती.

असो. तूर्तास इतकंच.