इसाप, वेताळ आणि आजीचा लूडो

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्या झाल्या माझ्या मुलीने एक छापील कागद घरी आणला. ‘माझी ओळख’ असं शीर्षक आणि खाली तीन रकाने : आवडतं पुस्तक, आवडता कार्टूनपट, आवडता ऑनलाइन गेम. सहावीतल्या मुलीला हे भरायला कितीसा वेळ लागणार? दोन मिनिटांत कागद तयार. हॅरी पॉटर, मोआना, रोब्लॉक्स.

मी कागद दोनदा वाचला आणि न राहवून म्हणालो, "अगं, यात एकही मराठी नाही?"

"बाबा, फेव्हरेट विचारलंय. मदर टंग नाही विचारलेली."

उत्तर बिनतोड होतं. पण दुबईत राहणाऱ्या मराठी बापाला अशा उत्तराने झोप लागत नाही, हे आपल्या मंडळातल्या बहुतेकांना सांगायला नको. सौ. म्हणाली, "तिच्या वयाचे असताना तुम्ही या कागदावर काय लिहिलं असतं, ते आधी आठवा." मी लगेच बोटं मोडायला सुरुवात केली. ‘चांदोबा’, ‘फास्टर फेणे’, रविवारी सकाळी दूरदर्शनवरचं ‘जंगल बुक’ आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला मारिओ. यादी तयार झाली आणि मीच गप्प बसलो. यात तरी अस्सल मराठी मातीतलं किती होतं?

त्या शनिवार-रविवारी मी ऑफिसचं काम बाजूला ठेवलं आणि या यादीच्या मुळाशी जायचं ठरवलं. संगणकवाल्याची सवय, चूक कुठे आहे ते सापडेपर्यंत मागे मागे जायचं. मागे जाता जाता थेट तंजावरला पोहोचलो.

सतराव्या शतकात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. तिथे गेलेली मराठी कुटुंबं तमिळ मुलखातच राहिली. मुलं अंगणात तमिळ बोलायची आणि घरात मराठी. म्हणजे आपलीच गत, फक्त व्हिसाची कटकट नाही! त्या घराण्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला, युरोपीय भाषा जाणणारा, ग्रंथांचा वेडा माणूस. आज सरस्वती महाल म्हणून जे ग्रंथालय जगप्रसिद्ध आहे, त्याची भरभराट त्यांनीच केली. राजवाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना काढला. त्यांच्याच प्रेरणेने सख्खन पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, ‘बालबोध मुक्तावली’, साल १८०६.

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगताना सुरुवातीलाच या पुस्तकाचं नाव घेतात. आता बघा, गोष्टी ग्रीसच्या, गाव तमिळ, आणि वाचणारी मुलं मुलखापासून कित्येक पिढ्या दूर राहिलेली! पुण्या-मुंबईत मुलांसाठी छापील मराठी पुस्तकं निघू लागली ती त्यानंतर. तंजावरच्या पंडितांना आपल्या मुलांसाठी मराठी गोष्टींची गरज आधी का वाटली असेल, हे आपल्याला इथे बसून नेमकं कळतं. पुण्यात मराठी मुलाला मराठी येणारच असतं.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक काढलं आणि तीस वर्षांहून अधिक काळ चालवलं. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ मध्ये सुरू झाला. या मंडळींच्या कष्टांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. पण माझ्या यादीत ते नव्हते, माझ्या यादीत होता ‘चांदोबा’.

आणि ‘चांदोबा’ही पुन्हा तमिळनाडूचाच निघाला! बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून ‘चंदामामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केला. मराठी ‘चांदोबा’ आला १९५२ साली. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, असा तो विक्रमराजा काढणारे चित्रकार शंकर हेही तिकडचेच. हे सगळं मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर बसून वाचताना वेताळ मला आमच्याच गावच्या पिंपळावरचा वाटायचा. गंमत म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सने अमेरिकन फँटमला मराठीत आणलं तेव्हा त्याचंही नाव ‘वेताळ’च ठेवलं. एक पिंपळावरचा आणि एक मुखवट्याचा. आम्हा मुलांचा कधी गोंधळ झाला नाही.

मग उरला फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे तरी शंभर टक्के आपला! सायकल, पुणे, तोंडाने ‘ट्टॉक’. हो, तो आपलाच. पण त्याचे जनक भा. रा. भागवत यांनी आयुष्यभर आणखी काय केलं ते पाहावं. ज्यूल व्हर्नला मराठीत ‘चंद्रावर स्वारी’ करायला लावली, ॲलिसला ‘जाईची नवलकहाणी’ दिली. ॲलिसची जाई करणारा माणूसच फुरसुंगीच्या पोराला जगभराच्या भानगडींत पाठवू शकतो, असं माझं मत आहे. ‘परक्या’ पुस्तकांनी मराठी मुलं बिघडतील अशी भीती भागवतांना वाटली असती, तर फेणेही जन्मला नसता.

कार्टूनचीही तीच कथा. दादासाहेब फाळक्यांनी परदेशी चित्रपट पाहून ध्यास घेतला, १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला, ते फारसं कुणी सांगत नाही. काडी जरा सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा जरा सरकवायची. पडद्यावर काड्या आपोआप हलू लागतात. मुलीला हे सांगितलं तर तिने पाच मिनिटांत माझ्या फोनवर टूथपिकांचा तसाच व्हिडिओ करून दाखवला. फाळक्यांची ती फिल्म आज उपलब्ध नाही, याची मात्र तिला खरीच हळहळ वाटली.

आणि माझं ‘जंगल बुक’? लेखक मुंबईत जन्मलेला इंग्रज, चित्रं जपानी, संवाद हिंदी. १९९३ साली दूरदर्शनवर ते लागायचं तेव्हा वाड्यातली सगळी पोरं आमच्या टीव्हीसमोर. मालिका संपली की अंगणात आम्ही मराठीत शेरखान-मोगली खेळायचो. शेरखान साताऱ्याच्या शिव्या द्यायचा.

इथपर्यंत आल्यावर रोब्लॉक्सवरचा माझा राग निम्मा ओसरला होता. उरलेला निम्मा आठवणीने घालवला.

मार्च २०२० मध्ये इथल्या शाळा ऑनलाइन झाल्या. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. आई साताऱ्यात एकटी, विमानं बंद. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून शेजारच्या मुलाने आईच्या फोनमध्ये बोटिम टाकून दिलं. एका फोनवर बोटिम आणि दुसऱ्यावर लूडो किंग. हा गेम नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये आणलेला. म्हणजे पचिसीने इंग्लंडला जाऊन लूडो व्हायचं आणि संगणकातून परत घरी यायचं, असा तिचा प्रवास. रोज संध्याकाळी दोन तास आजी-नात खेळायच्या. आई जुनी सारीपाट खेळलेली. तिच्या तोंडी सोंगटी, दान, घर हेच शब्द. "माझी सोंगटी मारलीस ना, थांब, पुढचं दान पडू दे!" हे मी बाजूच्या खोलीत मीटिंगमध्ये बसून ऐकायचो. माझी मुलगी आज जे मराठी बोलते, त्यातलं बरंचसं त्या वर्षात आलंय. मी आणलेल्या ‘मराठी शिका’ पुस्तकांतून नव्हे. आई २०२२ मध्ये गेली. पोरगी आजही मैत्रिणींबरोबर गेम खेळताना तिची पाळी आली की "माझं दान" म्हणते. मैत्रिणी मल्याळी आणि इजिप्शियन. त्याही आता दानच म्हणतात.

ही काळजी एकट्या आपल्याला आहे असंही नाही. ज्यांच्या देशात आपण राहतो त्यांनाही ती होतीच. अबू धाबीहून फेब्रुवारी १९७९ मध्ये ‘माजिद’ हे मुलांचं अरबी साप्ताहिक निघालं. प्रत्येक अंकात फदूली नावाचं एक चित्रातलं पात्र कुठेतरी दडवलेलं असायचं आणि ते शोधायला मुलांची झुंबड. पुढे मोहम्मद सईद हारिब हा दुबईचा मुलगा बोस्टनला शिकायला गेला. तिथे विद्यार्थी असताना त्याने एका इमिराती आजीचं चित्र काढलं. त्या आजीच्या चार आज्या झाल्या आणि २००६ च्या रमजानमध्ये ‘फ्रीज’ ही मालिका दुबईच्या टीव्हीवर आली. फ्रीज म्हणजे मोहल्ला, आपली आळी. सभोवती उंच इमारती वाढताहेत आणि जुन्या आळीतल्या बुरखेवाल्या आज्या कॉफी पीत सगळ्यांची खबर घेताहेत. बोली पुस्तकी अरबी नव्हे, अस्सल इमिराती. तंत्र थ्री-डी, कल्पना बोस्टनच्या वर्गात सुचलेली, आणि भाषा आजीची. मीही परदेशात मास्टर्स करताना वह्यांच्या कडेला चित्रं काढायचो. ती सगळी प्रोफेसरांची होती, आजीचं एकही नव्हतं, ही माझी चुटपुट.

असो. कागद जसाच्या तसा शाळेत गेला, मी एक अक्षर बदलायला लावलं नाही. पण उन्हाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ घेऊन आलो. तिला इंग्रजी पुस्तक जवळजवळ पाठ आहे.

"परीस म्हणजे?"

"लोखंडाला लागला की सोनं होतं, तो दगड. आजी म्हणायची की गं."

"मग हे नाव जास्त सोपं आहे." इंग्रजी नावातला ‘फिलॉसॉफर’ तिला म्हणे कधी कळलाच नव्हता.

रोज रात्री दोन पानं. मी वाचतो, ती ऐकते. जोडाक्षरं अजून तिला अडतात, म्हणून प्रत्येक पानावरच्या शेवटच्या चार ओळी तिच्या. परवा ऑफिसमधून उशिरा आलो, डोळे मिटत होते, म्हणून मधला एक परिच्छेद हळूच गाळला. तिने बोट ठेवून पान मागे ओढलं आणि म्हणाली, "बाबा, चीटिंग. हे दान परत."