पैठणचा वेताळ आणि 'लुचाई'ची सिरीज

मराठी भयकथा वाचणाऱ्या चार लोकांना एका टेबलाशी बसवा आणि फक्त एवढंच विचारा: 'समर्थ' कोण करेल? चहा गार होतो, पण वाद मिटत नाही. एकाला दाढीवाला, धीरगंभीर नट हवा असतो. दुसरा म्हणतो, समर्थ अजिबात भारदस्त नकोत, शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांसारखे हवेत. तिसरा थेट 'अप्पा कोण?' यावर उडी मारतो. चौथा तेवढ्यात म्हणतो, समर्थ राहू द्या, आधी 'लुचाई' काढा. मग दहा भाग की आठ, काळ सत्तरचा ठेवायचा की आजचा, गाव कोकणातलं की घाटावरचं, असं सगळं सुरू होतं. यातली एकही सिरीज कुणी जाहीर केलेली नाही, हे चौघांनाही पक्कं ठाऊक असतं.

नारायण धारप (१९२५ ते २००८) या माणसाने शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली आणि त्यातली बहुतेक भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानातलं, म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस. २०१८ हे साल त्यांच्या चाहत्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्या वर्षी त्यांच्या कादंबरीवरची 'ग्रहण' ही मालिका झी मराठीवर आली, पल्लवी जोशी मुख्य भूमिकेत. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला 'तुंबाड' आला, ज्याचं बी राही अनिल बर्वेच्या डोक्यात लहानपणी ऐकलेल्या धारपांच्या कथेने पेरलं होतं. 'तुंबाड' तेव्हा थिएटरात बेताचाच चालला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. तेव्हापासून 'धारपांवर सिरीज' ही अफवा दर सहा महिन्यांनी नव्याने उगवते.

त्यात 'लुचाई'चा प्रश्न वेगळा आहे, आणि तोच मला जास्त छळतो. 'लुचाई' ही मराठीतली सगळ्यात गाजलेली रक्तपिपासू पिशाच्चाची कादंबरी. हिंगोलीत असताना मी ती वाचनालयाच्या प्रतीत वाचली, उन्हाळ्यात, लोडशेडिंगच्या कृपेने मेणबत्तीवर. भीती वाटायला अजून काय लागतं! पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर हॉस्टेलवर कुणीतरी स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट' दिलं. पंचवीसेक पानांत कळलं की हे घर आपल्या ओळखीचं आहे. 'लुचाई' किंगच्या या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेली आहे, जशी 'शपथ' त्याच्या 'इट'वर. धारपांच्या वाचकांना हे माहीत असतं आणि बहुतेकांना त्याचं काही वाटतही नाही.

मलाही वाटत नाही. 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' आगरकरांनी १८८३ मध्ये केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली. परक्या घरातली गोष्ट आणायची, तिला लुगडं नेसवायचं, आपल्या ओसरीवर बसवायचं, हा मराठीचा जुना धंदा आहे. धारपांनी मेन राज्यातला थंडगार व्हॅम्पायर मराठी वाचकाच्या अंगणात आणून बसवला. हे सोपं काम नाही, कारण आपल्याकडच्या भुतांना मुळात रक्ताची फारशी चटक नाही. मुंजा पिंपळावर बसतो, हडळ वाट अडवते, खवीस आणि झोटिंग धरतात, आसरा पाण्यात ओढतात. आपली भुतं माणसाला 'लागतात', पीत नाहीत. क्रूस नाही, शवपेटी नाही, उंबरठ्यावरून आमंत्रण मागायची रीत नाही. या सगळ्याला मराठी पर्याय शोधून तरीही घाम फोडायचा, ही कारागिरी आहे.

पण सिरीज काढायची म्हटलं की वकील येतो. किंगची कादंबरी अजून पूर्णपणे त्याच्या मालकीची आहे. 'सेलम्स लॉट' १९७९ मध्ये अमेरिकेत दोन भागांत टीव्हीवर आली, २००४ मध्ये पुन्हा आली, २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतात, म्हणजे धारपांची पुस्तकं २०६८ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या वारसांची. ज्याला 'लुचाई' पडद्यावर आणायची त्याला एक नाही, दोन दारं ठोठवावी लागतील, आणि त्यातलं दुसरं दार फार महाग आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चटकन कळेल. लायसन्स न बघता केलेला फोर्क घरच्या मशीनवर वर्षानुवर्षं मस्त चालतो. प्रॉडक्शनला न्यायची वेळ आली की कंपनीची लीगल टीम जागी होते.

मग मराठी व्हॅम्पायर सिरीज होणारच नाही का? इथून मला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे दोनेक हजार वर्षं.

१८७० मध्ये लंडनमध्ये एक पुस्तक निघालं: 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. लेखक रिचर्ड बर्टन, एकेकाळी मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला, अर्धा डझन देशी भाषा शिकलेला भटका इंग्रज. पुस्तक म्हणजे आपली वेताळपंचविशी, तीही पुरती नाही, त्यातल्या अकरा गोष्टी, मनसोक्त मीठमसाला लावून. 'वेताळ' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं? बर्टनने सरळ 'व्हॅम्पायर' ठोकून दिलं. खरं तर वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि गोष्टी सांगतो. उलटं लटकणं वटवाघळासारखं, एवढंच काय ते साम्य. आपल्याकडे तर तो भुतांचा राजा, अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन पालखीतून निघणारा; कितीतरी गावांच्या शिवेवर शेंदूर लावलेला धोंडा होऊन राखण करणारा. गोव्यात त्याची देवळं आहेत, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी. हा राखणदार बर्टनच्या हातून इंग्रज वाचकाकडे गेला तो रक्तपिपासू होऊन.

या बर्टनला पुढे ब्रॅम स्टोकर भेटला. स्टोकर तेव्हा लंडनमध्ये हेन्री आयर्विंग या नटाचा व्यवस्थापक होता. आयर्विंगच्या आठवणींच्या पुस्तकात त्याने या बर्टनबद्दल लिहिलंय, आणि लिहिलंय ते काय, तर बोलताना याचा वरचा ओठ उचलला जायचा आणि सुळा खंजिरासारखा चमकायचा! १८९७ मध्ये स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला. बर्टनच्या सुळ्यावरून ड्रॅक्युलाचा सुळा आला असं छातीठोक सांगता येणार नाही; धागा कच्चा आहे. पण पुढचा पक्का आहे: किंगने 'सेलम्स लॉट' लिहिली ती 'ड्रॅक्युला' आजच्या अमेरिकन खेड्यात अवतरला तर काय होईल, या विचारातून. आणि तिच्यातून 'लुचाई'.

आता वेताळाचं मूळ गाव बघू. आपण सगळे विक्रमाला उज्जैनचा राजा समजतो. ही समजूत 'चांदोबा'ने पक्की केली आणि मग रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल'ने. १९८५ ची मालिका, अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताल. (हाच विक्रम दोन वर्षांनी राम झाला, आणि लोक टीव्हीला हार घालू लागले.) पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी 'कथासरित्सागर' लिहिला, त्यातली वेताळाची गोष्ट उघडून बघा. तिथल्या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे पैठण! ज्या स्मशानातून राजा ते प्रेत खांद्यावर घेऊन चालला ते आमच्या मराठवाड्यातलं. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी जणांना फोन करून सांगितलं. बहुतेकांनी 'बरं' म्हणून ठेवून दिला.

पैठणचा संबंध इथेच संपत नाही. सोमदेव सांगतो की त्याचा ग्रंथ म्हणजे गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा संक्षेप. हा गुणाढ्य प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातला. त्याची कथा सोमदेवानेच दिलीय आणि ती कुठल्याही भयपटापेक्षा भारी आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी थकून संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः'. तिला म्हणायचं होतं मा उदकैः, म्हणजे पाणी उडवू नका. राजाचं संस्कृत कच्चं. त्याने मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील होऊन अंथरुणाला खिळला, म्हणाला मला संस्कृत शिकवा. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. (क्रॅश कोर्सवाले तेव्हाही होते.) गुणाढ्याने पैज लावली: तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा, तिन्ही सोडून देईन. शर्ववर्म्याने करून दाखवलं.

भाषाच उरली नाही तेव्हा गुणाढ्य विंध्याच्या रानात गेला आणि पिशाच्चांची भाषा शिकला. तिला पैशाची म्हणतात. त्या भाषेत त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी पोथी सातवाहनाकडे नेली. राजाने भुतांची भाषा आणि रक्ताची अक्षरं बघितली आणि धुडकावून लावली. मग गुणाढ्याने टेकडीवर आग पेटवली, एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चारापाणी सोडून भोवती गोळा झाली, ऐकत रडत राहिली. इकडे राजाच्या ताटात वाळकं, निःसत्त्व मांस यायला लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, तेव्हा त्याला उमगलं. तो धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले.

दंतकथा आहे, पण तिच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे: बृहत्कथा आज नाही. एक ओळही मूळ रूपात सलग मिळत नाही. मूळ रेपो उडाला आणि फोर्क उरले. काश्मीरात सोमदेवाचा आणि क्षेमेंद्राचा, नेपाळात बुधस्वामीचा, तमिळमध्ये 'पेरुंगदै', आणि जैन महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या घरात, 'वसुदेवहिंडी'. वेताळाच्या गोष्टी तर मूळ ग्रंथात होत्याच असंही नाही. काश्मीरच्या आवृत्त्यांत त्या आहेत, बुधस्वामीच्या अपुऱ्या मिळालेल्या आवृत्तीत नाहीत. कुणीतरी वाटेत जोडल्या असणार. 'लुचाई'ला ढापलेली म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की मग वेताळाचं काय करायचं? छापील मराठीत तो १८३० मध्ये आला, सदाशिव काशीनाथ छत्र्यांच्या 'वेताळपंचविशी'तून, तेही भाषांतरच.

आता पुन्हा त्या टेबलाशी या. ज्यांना मराठी व्हॅम्पायर सिरीज हवी त्यांच्यासमोर ही गोष्ट तयार पडलीय. हक्क कुणाचेच नाहीत. पटकथाही जवळपास झालेली आहे: एक भिक्षू दहा वर्षं रोज दरबारात येऊन एक फळ देतो, राजा ते बघतही नाही, एक दिवस माकड फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. इथपासून स्मशानापर्यंत पहिला भाग. प्रत्येक भागाच्या शेवटी वेताळाचा प्रश्न: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी परत झाडावर. यापेक्षा चांगला क्लिफहँगर कुणी बांधलेला मला माहीत नाही. शेवटच्या कोड्यात बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी, मग त्यांच्या पोरांचं आपसात नातं काय? साडू, व्याही, आतेभाऊ, मावसभाऊ असे खंडीभर शब्द असलेल्या आपल्या भाषेतही त्याला उत्तर नाही. राजा गप्प राहतो, आणि म्हणून वाचतो.

माझी अट एकच आहे. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली आणि गाजली, तेव्हापासून टीव्हीवरचं मराठी भूत म्हटलं की डोळ्यांपुढे कोकणच येतं. मालवणी कानाला गोडच आहे, तक्रार नाही. पण हे भूत पैठणचं आहे. गुणाढ्याने दरबारात चालणाऱ्या सगळ्या भाषा बाजूला ठेवून भुतांची भाषा घेतली होती. आमच्याकडची बोलीही पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत विनोदी नोकराच्या तोंडीच जास्त दिसते. तेव्हा काळोख्या रात्री खांद्यावरचं प्रेत हललं आणि कानाशी तोंड आणून बोललं, तर ते प्रमाण मराठीत नको. "काय करायलास रं राजा, इतक्या राती?" असं विचारू दे त्याला. हिंगोलीपासून पैठणपर्यंत एकजण झोपणार नाही.