अंडाशयाचा कर्करोग: ‘डिटॉक्स’ एन्झाइम आणि केमोचा परिणाम

हर्सूलच्या माझ्या दवाखान्यात, केमो सुरू असलेल्या बाईंसोबत आलेले नातेवाईक हमखास विचारतात, “डॉक्टर, अंगातलं विष काढायला डिटॉक्स पावडर देऊ का?” देऊ नका. ही सफाई पेशी स्वतःच करतात, आणि कर्करोगाच्या पेशीही ती करतात. अडचण तिथेच आहे.

अंडाशयाच्या कर्करोगात मुख्य औषध कार्बोप्लॅटिन, बहुधा पॅक्लिटॅक्सेलसोबत. त्यातले प्लॅटिनम पेशीच्या डीएनएला चिकटते आणि पेशी मरते. पण पेशीत ग्लुटाथिओन नावाचा छोटा रेणू असतो. तो घातक रसायनांना जोडून त्यांना निकामी करण्याचे काम ग्लुटाथिओन एस-ट्रान्सफरेज (जीएसटी) हे एन्झाइम करतात. यकृतात हे चालते ते आपल्या भल्यासाठी. गाठीतल्या पेशीत ग्लुटाथिओन भरपूर असेल, तर प्लॅटिनम डीएनएपर्यंत पोहोचण्याआधीच अडवले जाऊ शकते. औषध दाद न देण्याचे हे एक कारण, एकमेव नव्हे. काही पेशी औषध बाहेर फेकतात, काही बिघडलेला डीएनए दुरुस्त करून घेतात.

मग जीएसटीची तपासणी करावी का? सध्या नाही. अनेक निरोगी लोकांमध्येही जीएसटीएम१ हे जनुक मुळातच नसते, आणि त्याचा केमोशी संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. जीएसटीमुळेच सक्रिय होणारे कॅनफॉस्फामाइड हे औषधही तयार झाले होते. कल्पना सुंदर होती, पण मोठ्या चाचणीत ते प्रचलित औषधांपेक्षा सरस ठरले नाही.

डॉक्टर प्रत्यक्षात पाहतात ते वेगळेच: शेवटच्या प्लॅटिनम केमोनंतर आजार किती दिवसांनी परतला. साधारण 6 महिन्यांच्या आत परतला तर पुढचे औषध बहुधा बदलते. त्यानंतर परतला तर पुन्हा प्लॅटिनम देता येते. पैसे खर्च करायचेच असतील तर बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा. तिच्या निकालावर ओलॅपॅरिबसारखी औषधे ठरतात, आणि घरातल्या बहिणी-मुलींनाही धोका कळतो. शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवत असाल, तर तिथल्या डॉक्टरांनाच हे विचारा.

ग्लुटाथिओनच्या गोळ्या किंवा सलाइन (गोरेपणासाठीही विकतात!), अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस, काढे यांपैकी काही आधीच सुरू असेल तर लपवू नका. बाटली, पाकीट जे असेल ते पुढच्या केमोला सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.