'हेरिटेज': ओपेथने गर्जना थांबवली तेव्हा

१/ सप्टेंबर २०११. स्वीडनच्या 'ओपेथ' या बँडचा दहावा अल्बम 'हेरिटेज' प्रसिद्ध झाला. आरंभी केवळ पियानो वाजतो. पुढे गिटार येते, ड्रम येतात, बासरीही येते. मात्र ज्या आवाजाची असंख्य चाहते वाट पाहत होते, तो अखेरपर्यंत येत नाही.

२/ तो आवाज म्हणजे 'ग्राउल': घशाच्या तळातून काढलेला खरखरीत, श्वापदासारखा स्वर. डेथ मेटलची ती ओळखच. १९९० च्या सुमारास स्टॉकहोम हे या संगीताचे मोठे केंद्र होते आणि ओपेथचा जन्मही त्याच शहरात, १९९० मध्ये झाला. बँडचे नाव विल्बर स्मिथ यांच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतील एका नगरीवरून घेतलेले आहे.

३/ तरीही ओपेथ आरंभापासूनच वेगळा होता. १९९६ च्या 'मॉर्निंगराइज' या अल्बममधील एक गीत तब्बल वीस मिनिटांचे आहे. गर्जना ऐन भरात असताना अचानक शांतता पसरे आणि नुसत्या अकूस्टिक गिटारीवर गायक व गिटारवादक मिकाएल ओकरफेल्ट मृदू स्वरात गाऊ लागत.

४/ ही मृदुता कोठून आली? अल्बमच्या नावांतच उत्तर दडलेले आहे. 'माय आर्म्स, युअर हर्स' (१९९८) हे शब्द कोमस या ब्रिटिश सायकेडेलिक लोकसंगीताच्या गटाकडून घेतलेले. 'स्टिल लाइफ' (१९९९) या नावाचा अल्बम व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने १९७६ मध्येच काढला होता. 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) हे तर १९७० च्या दशकातील एका अल्पायुषी जर्मन बँडचे नाव. गर्जनेमागे ओकरफेल्ट यांचा जुन्या रेकॉर्डींचा संग्रह बोलत होता.

५/ २००३ मध्ये 'डॅम्नेशन' आला, ग्राउल पूर्णपणे वगळून. निर्मितीत स्टीव्हन विल्सन यांचा हात होता आणि सुरावटींवर मेलोट्रॉनचा धूसर पडदा. मेलोट्रॉन हे १९६० च्या दशकातील ब्रिटिश वाद्य. पट्टी दाबली की टेपवर आधीच मुद्रित केलेला स्वर वाजतो. मात्र 'डॅम्नेशन' हा 'डिलिव्हरन्स' या कठोर अल्बमचा जुळा भाऊ होता. त्यामुळे तो अपवाद ठरला आणि चाहत्यांनी त्याचे कौतुकच केले.

६/ 'हेरिटेज'ला असा जुळा भाऊ नव्हता. आरंभीच्या पियानोवर यान योहान्सन यांची छाया आहे. १९६० च्या दशकात स्वीडिश लोकगीतांना जॅझचे रूप देणारे हे पियानोवादक. एका गीतात ब्योर्न यासोन लिंड यांची बासरी आहे, तर दुसरे गीत २०१० मध्ये निवर्तलेले गायक रॉनी जेम्स डिओ यांना वाहिलेली आदरांजली आहे.

७/ मुखपृष्ठावर एक झाड आहे. फांद्यांवर फळांसारखे सदस्यांचे चेहरे लटकलेले. त्यांतला बँड सोडून गेलेले कीबोर्डवादक पेर विबर्ग यांचा चेहरा गळून पडताना दिसतो. तळाशी माजी सदस्यांच्या कवट्या आणि मुळे थेट पाताळात. डेथ मेटलचा भूतकाळ या चित्राने नाकारला नाही, तो मुळाशी ठेवला.

८/ चाहत्यांत मात्र उभी फूट पडली. त्या वर्षीच्या दौऱ्यात आरंभी ग्राउलची गीते वगळण्यात आली, तेव्हा अनेकांना तो विश्वासघात वाटला. येथे एक विरोधाभास दिसतो. नियम मोडण्यासाठी जन्मलेल्या संगीताचाच एक कडक नियम झाला होता. दुसरीकडे, 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे पुढे जाणारे. पण ओपेथची ही वाट चाळीस वर्षे मागे जात होती. टीकाकारांचा तो आक्षेपही निराधार नव्हता.

९/ बँडने माघार घेतली नाही. २०१४ च्या 'पेल कम्युनियन'मध्ये इटलीच्या गॉब्लिन या बँडला मानवंदना देणारे वाद्यसंगीत आले. २०१९ चा 'इन काउडा व्हेनेनम' स्वीडिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाला. अल्बममधील ग्राउलचे मौन तीन वर्षे नव्हे, तेरा वर्षे टिकले.

१०/ नोव्हेंबर २०२४ मध्ये ते सुटले. अल्बमचे नाव 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', म्हणजे मृत्युपत्र. त्यात जेथ्रो टल या बँडचे इयन अँडरसन यांची बासरी आहे आणि तिच्या शेजारीच ग्राउलही. कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या एका श्रीमंत घराण्याच्या मृत्युपत्राची. रक्ताचे नाते आणि वारसा या एकच गोष्टी नव्हेत, हे तीत उलगडत जाते. 'हेरिटेज'वरून झालेला वादही नेमका हाच होता: ओपेथ कोणाचा वारस, डेथ मेटलचा की सत्तरच्या दशकातील रॉकचा? २०२४ मध्ये बँडने दोन्ही घराण्यांवर हक्क सांगितला.