सहा आठवड्यांची मुदत

मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा वाचताना मालमत्तेवरील करांच्या यादीत एका नावापाशी नजर अडखळते : ‘हलालखोर कर’. ज्या भागातील शौचकुपांची सफाई महापालिका आपल्या माणसांकरवी करून घेई, त्या भागातील घरमालकाने पाणीपट्टीबरोबर हाही कर भरायचा. हलालखोर म्हणजे हक्काचे, कष्टाचे खाणारा. झाडूवाल्यांसाठी हा शब्द अकबराने रूढ केल्याची नोंद अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. शब्द मानाचा होता, पण ज्याला तो लावला त्याची पायरी मात्र बदलली नाही. पुढे तो शब्दही कायद्यातून गेला आणि त्या जागी ‘मलनिःसारण’ आले. पायरी कितपत बदलली, हे तपासण्यासाठी हा लेख.

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास आपण बहुधा शहराच्या बाजूने लिहितो. तलाव कधी बांधला, गटारे कधी झाली, लस कधी आली, मृत्यूचे प्रमाण किती उतरले, हे त्यात असते. आरोग्य खात्याच्या आत कोण कुठे उभा होता, याची नोंद त्यात क्वचितच सापडते. जे खाते शहराला समान आरोग्य देण्यासाठी उभे राहिले, त्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर समता होती का, हा प्रश्न विचारायला हवा.

मुंबईत १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरबरोबर आरोग्य अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. त्या काळी सफाई हे आरोग्य खात्याचेच अंग होते. वर गोरा डॉक्टर, मधे निरीक्षक आणि कारकून, त्याखाली मुकादम आणि तळाशी बिगारी, झाडूवाले, हलालखोर अशी ही उतरंड होती. शहराची बांधणीही तिला साजेशी होती. दोन घरांच्या पाठी एकमेकींकडे करून मधे एक अरुंद बोळ ठेवलेला असे, ती ‘घरगल्ली’. शौचकुपाखालची टोपली त्या गल्लीतून उचलली जाई. ज्याच्या कामावर घर निरोगी राही, तो माणूस घरातल्यांच्या दृष्टीस पडू नये, अशी ही व्यवस्था.

तो दिसला १८९६ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मूळ गोव्याचे असलेले व्हिएगस महापालिकेचे सदस्यही होते. ६ ऑक्टोबरला कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार हाती घेतले. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले जाऊ लागले, घरांवरची कौले उतरवली गेली, भिंतींना चुना फासला गेला. या मोहिमेचे श्रेय अधिकाऱ्यांच्या नावावर जमा झाले. फावडे, बादली आणि कुंचला मात्र खात्याच्या तळच्या माणसांच्या हातात होता. शहर पळत सुटले होते. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. ऑक्टोबरअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर स्नो यांनी सक्ती सैल केली. असंतोषाचे भय त्यामागे होतेच, पण स्नो यांच्या अहवालात आणखी एक भय नोंदलेले आहे. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, असे त्यांना वाटत होते.

या कबुलीचे मोल मोठे आहे. कमिशनर निघून गेला तर दुसरा येईल, पण हलालखोर गेला तर शहर संपेल, हे खात्याच्या प्रमुखालाच उमगले होते. मात्र ते उमजले भयातून, आणि भय ओसरल्यावर त्या उमजेचे काही उरले नाही. अवलंबून असणे आणि बरोबरीने वागवणे यांत केवढे अंतर असू शकते, ते यातून कळते.

हे अंतर कापायचे तर खुर्चीवरच्या माणसाच्या वागण्याला हात घालावा लागतो. तसा हुकूम मुंबईत निघाला नाही. तो कोल्हापुरात निघाला. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी महार वतन रद्द केले आणि अस्पृश्य समाजातील तरुणांना तलाठी नेमले. पण नेमणूक झाली म्हणजे कचेरीत बसायला जागा मिळते असे नाही, हे महाराज जाणून होते. म्हणून १९१९ च्या सुरुवातीला त्यांनी महसूल, न्याय आणि इतर खात्यांतील अधिकाऱ्यांना उद्देशून हुकूम काढला. संस्थानच्या नोकरीत येणाऱ्या अस्पृश्यांना ममतेने आणि समतेने वागवले पाहिजे. ज्या अधिकाऱ्याची तशी तयारी नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. शाळा आणि दवाखान्यांसाठीही याच धोरणाचे हुकूम निघाले.

या हुकमाची दिशा पाहण्यासारखी आहे. त्यात नव्याने आलेल्याला ‘सुधारण्या’चा उपदेश नाही. सुधारायचे आहे ते आधीपासून खुर्चीवर बसलेल्याने, तेही मुदतीत, आणि न सुधारल्यास किंमत मोजायची तीही त्यानेच. समतेला इथे वेळापत्रक आहे आणि पेन्शनशी जोडलेली जबाबदारी आहे. आज ‘संस्थेची अंतर्गत संस्कृती’ या भारदस्त शब्दांत जे सांगितले जाते, ते त्या हुकमात काही ओळींत होते.

ब्रिटिश मुलखात गाडी दुसऱ्या रुळावरून गेली. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्यांबरोबर दवाखानेही अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या संग्रामाची पार्श्वभूमी म्हणून हा ठराव आपल्याला ठाऊक असतो, आणि त्याचे महत्त्व वादातीत आहे. पण त्याने दवाखान्याचे दार उघडले ते रोग्यासाठी. दाराच्या आत काम करणाऱ्यांची उतरंड त्याच्या कक्षेत नव्हती. तिला आव्हान दिले ते खालून. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा राहिला. सफाई कामगाराने काम सोडणे हा अनेक प्रांतांच्या म्युनिसिपल कायद्यांत गुन्हा ठरवला होता, याकडे बाबासाहेबांनी बोट दाखवले. जन्माने काम लादायचे आणि कायद्याने ते सोडू द्यायचे नाही, असा तो दुहेरी फास होता.

स्वातंत्र्यानंतर समित्या आल्या. मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. मैला डोक्यावरून वाहण्याची पद्धत बंद व्हावी, ढकलगाड्या आणि नीट अवजारे मिळावीत, अशा तिच्या शिफारशी केंद्रीय गृहखात्याने १९५५ मध्ये राज्यांकडे धाडल्या. डोक्यावरची टोपली उतरवणे ही लहान गोष्ट नव्हती. पण टोपली गाडीत गेली तरी गाडी ढकलणारे हात त्याच वस्त्यांतले राहिले.

१९७० च्या दशकातील लाड समितीने, आणि पुढे रूढ झालेल्या लाड-पागे धोरणाने, सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीत प्राधान्य दिले. याविषयी लिहिताना जपून लिहायला हवे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विधवेला पतीच्या जागी नोकरी मिळणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली तोच जाणतो. त्या हक्कासाठी कामगार आजही न्यायालयात जातात, ते उगाच नाही. तरीही एक पेच उरतोच. डॉक्टरच्या मुलाला डॉक्टरची जागा वारशाने द्यावी, असे कोणत्याही समितीने सुचवलेले नाही. झाडू मात्र वारसाहक्काने मिळतो आणि त्याला कल्याण म्हटले जाते. नोकरीची शाश्वती हवीच होती. सोबत वरच्या पायरीवर जाण्याची वाटही द्यायला हवी होती. विसावे शतक संपताना सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. गटारात उतरलेली, उघड्या हातांनी घाण उपसणारी ती माणसे पाहिली, की समित्यांचे अहवाल आणि गल्लीतले वास्तव यांतले अंतर समोर येते.

दरम्यान १९९० च्या दशकात कंत्राटी पद्धत आली आणि तळाच्या पायरीखाली आणखी एक पायरी खोदली गेली. काम तेच, रस्ता तोच, पण नाव महापालिकेच्या हजेरीपटावर नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर तिथे शिक्कामोर्तब झाले. ज्यांच्याविना शहर राहण्यालायक उरणार नाही असे १८९६ साली कमिशनरला वाटले होते, त्यांच्या वारसांना ‘आम्ही तुमचेच कामगार आहोत’ एवढे मान्य करून घ्यायला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले.

सव्वाशे वर्षांचा हा पट उलगडला की एक गोष्ट लक्षात येते. कराचे नाव बदलले, टोपलीची गाडी झाली, नोकरीला वारस मिळाला, आणि यातले प्रत्येक पाऊल कोणीतरी झगडून मिळवलेले आहे. पण जवळजवळ प्रत्येक उपाय झाडू धरणाऱ्याविषयी होता. त्याची अवजारे, त्याची वस्ती, त्याची मुले यांविषयी. त्याला नेमणाऱ्या, हजेरी मांडणाऱ्या, बढती अडवणाऱ्या माणसाने कसे बदलावे आणि कधीपर्यंत, हे विचारणारा हुकूम या पटात एकच सापडतो. त्यात मुदत सहा आठवड्यांची होती. आपल्या शहरांच्या आरोग्य खात्यांनी ती अजून कोणाला घातलेली नाही.