एका संगणकाचे दोन कसे झाले?

प्रयोगशाळेतील जुना संगणक हा अनेक हातांनी घडवलेला असतो. कोणी मापनयंत्राचा ड्रायव्हर बसवलेला असतो, कोणी कंपायलरची नेमकी आवृत्ती जपलेली असते, तर कोणी पूर्वीच संस्था सोडून गेलेल्या विद्यार्थ्याने एखादी सेटिंग बदललेली असते आणि तिची नोंद कुठेच नसते. असा संगणक बिघडू लागला किंवा त्याच्या शेजारी दुसरा मांडायचा झाला की प्रश्न उभा राहतो : ही सारी घडी जशीच्या तशी दुसऱ्या यंत्रावर कशी न्यावी? हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत त्याची जी उत्तरे शोधली गेली, त्यांच्याशी वैज्ञानिक निष्कर्षांची विश्वासार्हताही निगडित आहे.

सर्वांत सरळ उत्तर 1970च्या दशकातील यूनिक्समध्ये सापडते. ‘डीडी’ ही आज्ञा एका डिस्कवरील प्रत्येक बिट, त्याचा अर्थ न पाहता, दुसऱ्या डिस्कवर उतरवू शकते. ही नक्कल निर्दोष असते, पण आंधळी असते. 500 जीबीच्या डिस्कवर 20 जीबीच माहिती असली तरी रिकाम्या जागेसह पूर्ण 500 जीबी वाहून न्यावे लागतात.

1990च्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. फाइल सिस्टिमची रचना ओळखून ते केवळ वापरातील भागाची ‘इमेज’ तयार करी. 1998 मध्ये सिमँटेकने ही कंपनी विकत घेतली. पुढे तैवानच्या राष्ट्रीय उच्च-कार्यक्षमता संगणन केंद्रात घडलेल्या ‘क्लोनझिला’ने हेच काम मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपात सर्वांना उपलब्ध करून दिले. नेटवर्कवरून एकच इमेज एकाच वेळी अनेक यंत्रांवर उतरवणे त्यामुळे साध्या संगणककक्षातही शक्य झाले.

मात्र नक्कल जितकी हुबेहूब, तितकी एक अडचण मोठी. संगणकावर केवळ सॉफ्टवेअर नसते, त्याची स्वतःची ओळखही असते : यंत्राचे नाव, मशीन-आयडी, डिस्कच्या विभागांचे यूयूआयडी क्रमांक आणि दूरस्थ प्रवेशासाठी लागणाऱ्या एसएसएचच्या गुप्त किल्ल्या. इमेजसोबत हे सारे दुसऱ्या यंत्रावर जाते. मूळ आणि नकलेच्या डिस्क एकाच संगणकाला जोडल्या तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गोंधळ उडतो, कारण दोहोंचे क्रमांक सारखेच असतात. त्याहून गंभीर म्हणजे, दोन यंत्रांची गुप्त किल्ली एकच असेल तर एकाच्या चोरीने दुसऱ्याचेही कुलूप उघडते. नादिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये संपूर्ण इंटरनेटची पाहणी केली, तेव्हा एसएसएच वापरणाऱ्या यंत्रांपैकी किमान 9.6 टक्के यंत्रे धोकादायक रीतीने आपली किल्ली इतरांशी वाटून घेत असल्याचे आढळले. निर्मात्याने सर्व नगांवर एकच किल्ली घालून पाठवणे हे त्यामागील एक कारण होते. म्हणून नकलेचा पहिला नियम असा की रचना न्यावी, ओळख मात्र नव्याने निर्माण करावी.

दरम्यान दुसरा एक विचार आकार घेत होता. तयार यंत्राची नक्कल करण्याऐवजी ते यंत्र घडवण्याची कृतीच लिहून ठेवली तर? जर्मनीतील कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी 1999 मध्ये ‘एफएआय’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात कोणती पॅकेजे घ्यायची, डिस्कचे विभाग कसे पाडायचे आणि कोणत्या फाइलीत काय बदल करायचा हे लिहून ठेवले की नवे यंत्र स्वतःच त्यानुसार उभे राहते. रेड हॅटच्या ‘किकस्टार्ट’मागेही हीच कल्पना आहे. इमेज आपल्याला तयार पदार्थ देते, तर कृती तो पदार्थ कसा झाला हे सांगते. यंत्राचे भाग बदलले तरी कृती बहुधा उपयोगी पडते आणि ती वाचून दुरुस्तही करता येते.

भारतात या इतिहासाचे सर्वांत ठळक उदाहरण केरळच्या शाळांत दिसते. तेथील शालेय शिक्षण खात्याच्या ‘आयटी@स्कूल’ उपक्रमाने, म्हणजे आजच्या ‘काइट’ने, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि अभ्यासक्रमाला अनुरूप अशी स्वतःची लिनक्स आवृत्ती घडवली. 2019 मध्ये उबुंटू 18.04 वर आधारलेली आवृत्ती आली. ती 2 लाखांहून अधिक संगणकांवर जाणार होती आणि त्यामुळे परवाना शुल्काचे सुमारे 3000 कोटी रुपये वाचतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. ही आकडेवारी महत्त्वाची आहेच, पण तिच्या मुळाशी असलेला हक्क अधिक महत्त्वाचा. एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आपल्या गरजेनुसार बदल करून ती हव्या तितक्या यंत्रांवर नेण्याची मोकळीक मुक्त परवाना देतो. ती नसती, तर नक्कल करण्याचे तंत्र हाती असूनही शाळांना ते असे वापरता आले नसते.

संशोधनात ही बाब आणखी नाजूक होते. फर्मीलॅब आणि सर्न यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये ‘सायंटिफिक लिनक्स’ आले, ते जगभरच्या भौतिकी प्रयोगशाळांत एकसमान पाया असावा म्हणून. सर्नच्या एलएचसीची विदा तपासणाऱ्या जागतिक जाळ्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ही केंद्रे आहेत. अशा जाळ्यात एकच प्रोग्रॅम शेकडो ठिकाणी चालतो, तेव्हा उत्तर ठिकाणानुसार बदलून चालत नाही. ही भीती काल्पनिक नाही. मेंदूच्या एमआरआय प्रतिमा मोजणाऱ्या ‘फ्रीसर्फर’ या सॉफ्टवेअरची 2012 मध्ये तपासणी झाली. मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम 10.5 ऐवजी 10.6 केली, एवढ्यानेही मेंदूच्या भागांच्या घनफळांचे आकडे बदलले. प्रतिमा त्याच होत्या, मेंदूही तेच होते, बदलला होता तो केवळ संगणकाचा पाया.

इमेज आणि कृती यांपैकी एकच निवडावी असे मात्र नाही. जुनी कृती दहा वर्षांनी चालवली तर तिच्यात नोंदलेली पॅकेजे कदाचित मिळणार नाहीत, आणि जुनी इमेज चालू झाली तरी तिच्यातील बदल कोणी व का केले हे ती सांगणार नाही. म्हणून इमेज पुराव्यासाठी जपावी आणि कृती समजून घेण्यासाठी लिहावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या प्रबंधातील आकडे ज्या संगणकावर निघाले, त्याच्यावरील पॅकेजांची यादी आवृत्तीक्रमांकांसह आजच काढून ठेवा. हाताने केलेला प्रत्येक बदल तिच्याखाली कारणासह लिहा आणि ती यादी प्रबंधाच्या परिशिष्टात जोडा. डेबियन किंवा उबुंटूवर ती एका आज्ञेत मिळते. तुम्ही संस्था सोडून गेल्यावर तुमचा निष्कर्ष पडताळू पाहणाऱ्याच्या हाती तुमचे यंत्र असेलच असे नाही, पण ही यादी असू शकते.