लहान मुलांसाठी पहिली एअर रायफल कशी निवडायची?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीणही रायफल मागत असेल, तर सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा. यात ४.५ मिमीचा (.१७७) छर्रा दारूने नाही, तर हवेच्या दाबाने सुटतो.

एफपीएसच्या आकड्याला भुलू नका

मोबाईलच्या जाहिरातीत जसे मेगापिक्सेल, तसे इथे एफपीएस, म्हणजे छर्‍याचा वेग. पण १० मीटरला सेकंदाला साधारण १७० मीटर (सुमारे ५६० एफपीएस) वेग पुरतो. दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे वेगापेक्षा स्थिरता महत्त्वाची.

स्प्रिंग की पीसीपी?

- स्प्रिंग: स्वस्त आणि देखभाल कमी. पण नळी मोडून स्प्रिंग दाबायला जोर लागतो आणि झटकाही बसतो. त्या झटक्याच्या धास्तीने मूल ट्रिगर दाबताना डोळे मिटायला लागलं, तर ती सवय मोडणं अवघड जातं.
- पीसीपी: सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते. झटका जवळपास नाही, म्हणून शिकायला उत्तम. पण महाग. सेकंडहँड घेताना सिलिंडरची मुदत आधी बघा. ती सहसा १० वर्षांची असते.

मापात बसते का?

- लांबी: दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवल्यावर बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचलं पाहिजे. दस्ता कमी-जास्त करता येणारा असेल तर रायफल जास्त वर्षं चालते.
- वजन: नियमानुसार कमाल मर्यादा ५.५ किलो, पण लहानग्यांना हलकीच हवी. ती पेलताना मूल कंबरेतून मागे झुकत असेल, तर रायफल जड आहे. सुरुवातीला टेकू द्या.
- हात आणि डोळा: मूल डावखुरं असेल किंवा त्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर कोचला विचारून दस्ता निवडा.

खरेदीआधी

पहिले काही महिने क्लबची रायफलच वापरा. मुलाला गोडी लागली की मग खर्च करा. वय, कागदपत्रं आणि परवान्याचे सध्याचे नियम क्लबमध्ये आणि पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

हे खेळणं नाही

एक छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. म्हणून नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर हात साबणाने धुवा. घरी रायफल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलुपात ठेवा, आणि दोन्ही चाव्या मोठ्यांकडेच.